वाटेत कायम साडेसव्वीस पल्स

पहिला आकडा मी सवयीने घेतला: ११० हर्ट्झ. म्हणजे रडारने सेकंदाला ११० पल्स, रेडिओलहरींचे ११० छोटे झटके, सोडायचे. डॉप्लरला, म्हणजे उपग्रहाच्या हालचालीमुळे प्रतिध्वनीच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकाला, तेवढ्या पुरतात, दोन पल्सच्या मध्ये नऊ मिलिसेकंदांची ऐसपैस जागा राहते, आणि आकडा लक्षातही राहतो. गणित शेवटपर्यंत नेलं तेव्हा कळलं की जमिनीवरून प्रतिध्वनी परत यायला लागतो, नेमकं तेव्हाच रडार स्वतः बोलत असतं. ऐकणार कोण? मग पाच हर्ट्झ खाली आलो, १०५. आता प्रतिध्वनीचं डोकं सुटलं, पण शेपूट पुढच्या पल्सखाली सापडलं. १०७ घेतले आणि सगळं व्यवस्थित बसलं, दोन्ही बाजूंना हवा खेळेल इतकं.

पृथ्वीजवळच्या कक्षेतलं रडार ज्यांनी हाताळलंय त्यांना हे चमत्कारिक वाटेल. तिथे दोन-तीन हर्ट्झ कुणी मोजत नाही. इथे दोन-तीन हर्ट्झमध्ये चित्र मिळतं किंवा जातं. असं का होतं आणि त्यावर काय करायचं, एवढ्यापुरतंच हे प्रकरण आहे: भूसमकालिक कक्षेतून, म्हणजे सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून, जिथे उपग्रहाची फेरी पृथ्वीच्या गिरकीइतक्याच वेळात होते, जमिनीची चित्रं घेणाऱ्या रडारने पल्स नेमक्या कधी सोडायच्या.

मांडणी

१३ ऑगस्ट २०२३ रोजी चीनने शिचांगहून लाँग मार्च-३बी रॉकेटने लुदी तान्त्से-४ मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. भूसमकालिक कक्षेतलं जगातलं हे पहिलं सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार, थोडक्यात ‘सार’: पुढे सरकत अनेक जागांवरून घेतलेले प्रतिध्वनी जोडून एका प्रचंड अँटेनाचं काम करणारं. एल-बँडवर, म्हणजे पंधरा ते तीस सेंटीमीटरच्या लहरींवर चालणारं. कल्पना मात्र जुनी. कियो तोमियासू यांनी ती १९७८ मध्ये मांडली होती, आणि त्याच वर्षी अमेरिकेचा सीसॅट ८०० किलोमीटरवरून सारची पहिली नागरी चित्रं पाठवत होता. कागदावरून कक्षेत जायला पंचेचाळीस वर्षं लागली.

इतक्या उंचीवर जायचं कशाला? नासा आणि इस्रोचा निसार हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेला. तो ७४७ किलोमीटरवरून फिरतो आणि त्याच जागी, त्याच कोनातून बारा दिवसांनी परत येतो. हिमनद्यांना हे चालतं. भूकंपानंतरच्या दरडींना बारा दिवस कोण थांबवणार? वरच्या कक्षेतला उपग्रह त्याच प्रदेशावर दिवसभर टांगलेला असतो, त्यामुळे त्याच डोंगराचं चित्र एका दिवसात अनेकदा घेता येतं.

पुढचं गणित त्या चिनी उपग्रहाचं नव्हे, त्या कुळातल्या एका कक्षेचं आहे, आणि आकडे मी स्वतः निवडले आहेत. कक्षा वर्तुळाकार, विषुववृत्ताशी १६ अंश कललेली. अशी कक्षा जमिनीवरून पाहिली तर उभ्या इंग्रजी आठसारखी दिसते. तो आठ ८८ अंश पूर्व रेखावृत्तावर मांडू. तरंगलांबी २४ सेंटीमीटर, तबकडी अँटेना २० मीटर व्यासाचा. लक्ष्य ३१ अंश उत्तर, १०३ अंश पूर्व, म्हणजे सिचुआनमधल्या वेन्चुआनजवळचा डोंगराळ भाग. १२ मे २००८ चा ७.९ तीव्रतेचा भूकंप इथलाच. पृथ्वी गोल धरली आहे, त्रिज्या ६३७१ किलोमीटर. खरी पृथ्वी चपटी आहे, पण त्याने आकडे थोडे सरकतात, गोष्ट तीच राहते.

डॉप्लरचं मागणं इथे स्वस्त आहे

माथेरानच्या एको पॉइंटवर हाक मारून आपण गप्प उभे राहतो, उत्तर येतं, मग दुसरी हाक. रडारला इतका धीर परवडत नाही. पहिलीचं उत्तर यायच्या आत ते आणखी कितीतरी हाका मारतं. तोंड आणि कान मात्र एकच, अँटेना. बोलताना कान बंद. म्हणून उत्तरं दोन हाकांच्या मधल्या शांततेतच पोहोचली पाहिजेत. पल्सची सगळी वेळमांडणी या एका अटीभोवती फिरते.

सेकंदाला किती पल्स लागतात, म्हणजे पीआरएफ किमान किती हवा, हे वेगावर ठरतं. अँटेनाच्या झोतात एका वेळी जेवढी जमीन दिसते, तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकाच्या डॉप्लरमध्ये जो फरक असतो, तो ढोबळमानाने दुप्पट वेग भागिले अँटेनाची लांबी. सेकंदाला त्याहून कमी पल्स असतील तर एका जागेचं चित्र दुसऱ्या जागेवर भुतासारखं उमटतं. खालच्या कक्षेत सेकंदाला साडेसात किलोमीटर वेग आणि १२ मीटरचा अँटेना घेतला, तर १२५० हर्ट्झ.

वरच्या कक्षेत उपग्रहाचा वेग सेकंदाला ३.०७ किलोमीटर, पण पृथ्वीही त्याच दिशेने फिरत असते. जमिनीवर उभ्या माणसाला जो वेग दिसेल तोच इथे कामाचा, आणि तो आठच्या मध्यावर, विषुववृत्त ओलांडताना, सेकंदाला ८५५ मीटर भरतो. आठच्या टोकांवर उपग्रह वळतो, तिथे जेमतेम ११९. म्हणजे २० मीटरच्या अँटेनाला मध्यावर ८५ हर्ट्झ लागतात आणि टोकांवर १२. मध्यावरच्या आकड्यात सुरक्षेसाठी एक पंचमांश भर घातली की १०३ हर्ट्झ. त्याच्या वर काहीही चालावं.

आता दुसरी बाजू. वेन्चुआनकडे पाहताना झोत जमिनीच्या लंबाशी सुमारे ४० अंश करतो. ४०० किलोमीटर रुंद पट्टा टिपायचा तर तिरप्या अंतरात तो २५७ किलोमीटर होतो, म्हणजे पट्ट्याच्या जवळच्या आणि लांबच्या कडेवरून येणाऱ्या उत्तरांत १.७ मिलिसेकंदांचं अंतर. पल्स स्वतः २ मिलिसेकंदांची असेल तर ऐकायला ३.७ मिलिसेकंद लागतील. आणि १०७ हर्ट्झला दोन पल्समधलं अंतर आहे ९.३ मिलिसेकंद. बोलण्याचे २ आणि ऐकण्याचे ३.७ गेले तरी साडेतीनहून जास्त उरतात. रुंद पट्टा आणि दाट पल्स यांच्यातल्या ज्या ओढाताणीवर खालच्या कक्षेत लोक आयुष्य घालवतात, ती इथे नाहीच. मी ११० हा आकडा निर्धास्तपणे घेतला तो यामुळेच.

चार हर्ट्झची फणी

मग तो आपटला कशावर? अंतरावर.

उपग्रह विषुववृत्तावर असताना लक्ष्य ३७,०६१ किलोमीटरवर असतं. जाऊन-येऊन लागणारा वेळ २४७.२ मिलिसेकंद, जवळजवळ पाव सेकंद. या वेळाला पीआरएफने गुणलं की वाटेत एकाच वेळी किती पल्स आहेत ते निघतं. गुणाकार पूर्णांकाजवळ आला तर प्रतिध्वनी परततो त्या क्षणी नवी पल्स सुटत असते. अर्ध्याजवळ आला तर तो दोन पल्सच्या बरोबर मध्ये पडतो. ११० ला गुणाकार २७.२० येतो. १०५ ला २५.९६. १०७ ला २६.४६. पहिले दोन का बुडाले आणि तिसरा का तरला, ते एवढ्यात आहे.

आता पीआरएफ किती बदलला की हा गुणाकार एकाने बदलतो ते पाहा. एक भागिले पाव सेकंद, म्हणजे चार हर्ट्झ. खालच्या कक्षेत लक्ष्य ९०० किलोमीटरवर असतं, वेळ ६ मिलिसेकंद, आणि चार हर्ट्झच्या जागी १६७ हर्ट्झ येतात. तिथले लोक पीआरएफ आडवा आणि अंतर उभं घेऊन एक नकाशा काढतात. त्यात निषिद्ध पट्ट्यांच्या मध्ये हिऱ्याच्या आकाराच्या मोकळ्या जागा दिसतात, त्यातला एखादा ऐसपैस हिरा निवडायचा आणि काम संपलं. तोच नकाशा वरच्या कक्षेसाठी काढला तर हिरे उरत नाहीत. बारीक दातांची फणी दिसते. दर चार हर्ट्झला एक दात.

हे वाचून पहिल्यांदा धास्ती वाटते, पण यातच सोय लपलेली आहे. फणी बारीक म्हणजे प्रतिध्वनीला हवं तिथे बसवायला पीआरएफ जेमतेम एक-दोन टक्क्यांनी हलवावा लागतो. डॉप्लरला तेवढ्याने काही फरक पडत नाही. खालच्या कक्षेत एका हिऱ्यातून दुसऱ्यात उडी मारली की पट्टा बदलतो, भुतांचं प्रमाण बदलतं, सगळं नव्याने तपासावं लागतं.

दिवसभरात काय होतं

१०७ चा आनंद पाऊण तास टिकतो.

उपग्रह आठवरून उत्तरेकडे सरकतो तसं लक्ष्य जवळ येतं. उत्तर टोकावर अंतर ३६,२५६ किलोमीटर, दक्षिण टोकावर ३८,३०२. दोन हजार किलोमीटरचा फरक, म्हणजे परतीच्या वेळात १३.६ मिलिसेकंदांचा. दोन पल्समधल्या अंतराहूनही जास्त. पीआरएफ १०७ वर गोठवून ठेवला तर उपग्रह मध्यावरून उत्तरेला निघाल्यावर साधारण पाऊण तासात प्रतिध्वनी नुकत्याच सुटलेल्या पल्सला टेकतो. उलट बाजूला, मध्याच्या दक्षिणेला, सत्तर मिनिटांच्या अंतरापर्यंत तग धरतो. त्यापलीकडे अंधार, आणि थेट दक्षिण टोकाजवळ पुन्हा थोडा उजेड. दिवसभर डोंगरावर नजर ठेवायला पाठवलेला उपग्रह दिवसातला बराच वेळ बहिरा.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे पाच-सात पीआरएफची यादी करायची आणि वेळेनुसार एकावरून दुसऱ्यावर जायचं. चालतं, पण मला ते ठिगळकाम वाटतं. कागदावर दुसरी गोष्ट सरळ दिसत होती: गुणाकार साडेसव्वीस ठेवायचा. म्हणजे पीआरएफ हा आकडा न धरता वाटेतल्या पल्सची संख्या धरायची. उपग्रह कुठेही असो, त्या क्षणीचा परतीचा वेळ घ्यायचा, त्याने साडेसव्वीसला भागायचं, येईल तो पीआरएफ. मध्यावर १०७.२ हर्ट्झ, उत्तर टोकावर १०९.६, दक्षिण टोकावर १०३.७. दिवसभरात जेमतेम सहा हर्ट्झची ये-जा, आणि प्रतिध्वनी कायम दोन पल्सच्या मधोमध. वेग जिथे सर्वांत जास्त, तिथे १०३ ची गरज आणि हातात १०७.२. बाकी ठिकाणी गरजच कमी.

यातला ‘साडे’ महत्त्वाचा. सव्वीसऐवजी पंचवीस घ्या, अठ्ठावीस घ्या, फरक थोडा पडेल. साडे सुटलं की सगळं सुटलं.

पण हा पीआरएफ चित्र घेत असतानाही सतत बदलत ठेवायचा का? २० मीटर स्पष्टतेचं चित्र बनवायला मध्यावर साधारण २६० सेकंद नजर रोखून धरावी लागते. तेवढ्या वेळात अंतर सेकंदाला ७५ मीटर या दराने बदलतं, एकूण वीस किलोमीटरच्या आत, म्हणजे प्रतिध्वनी ०.१३ मिलिसेकंद सरकतो. टोकांवर वेग कमी म्हणून नजर अर्धा तास रोखावी लागते, पण तिथे अंतर बदलतंही हळू. अर्ध्या तासात दहा किलोमीटरच्या आत. दोन्हीकडे सरकणं किरकोळ. तेव्हा एका चित्रापुरता पीआरएफ स्थिर, आणि दोन चित्रांच्या मध्ये हलकासा धक्का. एवढंच पुरे.

पल्समागून पल्स सोडताना त्यांच्यातलं अंतर बदलत जाण्याची पद्धत आहे. जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संस्थेतल्या संशोधकांनी ती खालच्या कक्षेतल्या फार रुंद पट्ट्यांसाठी बरीच पुढे नेली. तिथे पट्टाच इतका रुंद असतो की बहिऱ्या जागा टाळता येत नाहीत. मग निदान त्या एका ठिकाणी साचू नयेत म्हणून विखरून टाकायच्या. इथे विखरायला काही नाही. असमान अंतरावरचे नमुने नंतर सरळ करत बसायचं काम विनाकारण अंगावर घ्यायचं कशाला?

धक्का देतानाची एक खोच मात्र सांगायला हवी. पीआरएफ बदलला त्या क्षणी जुन्या अंतराने सोडलेल्या सव्वीस पल्स अजून वाटेत असतात. त्या पुढचा पाव सेकंद जुन्याच चालीने परत येत राहतात, आणि इकडे नव्या पल्स नव्या चालीने सुटत असतात. पाऊण हर्ट्झचा धक्का दिला तर प्रतिध्वनी त्या पाव सेकंदात हळूहळू १.७ मिलिसेकंद सरकून नव्या जागी बसतो. टक्कर होत नाही. पण ऐकण्याची खिडकी कधी उघडायची, हे त्या क्षणीच्या पीआरएफवरून काढलं तर ती चुकीच्या वेळी उघडते. कुठल्या पल्सचं उत्तर आत्ता येतंय, ती कधी सुटली होती, याची वही ठेवावी लागते. खालच्या कक्षेत अशी चूक सहा मिलिसेकंदांत, आठ-नऊ पल्समध्ये विरून जाते आणि कुणाला दिसतही नाही. तिथलं सॉफ्टवेअर जसंच्या तसं वर नेणाऱ्याला ती इथे दिसेल.

उरलेली जागा कुठे खर्च करायची

मला या प्रकरणातला सर्वांत रसाळ भाग हा वाटतो. प्रतिध्वनी मधोमध बांधून ठेवला की दोन्ही बाजूंना मिळून साडेतीन मिलिसेकंद रिकामे राहतात. गोठवलेल्या पीआरएफच्या योजनेत ही रिकामी जागा म्हणजे विमा होता, सरकायला वाव म्हणून ठेवलेली. आता सरकणं ०.१३ वर आलं. मग विम्याचे पैसे मोकळे झाले.

ते शक्तीवर खर्च करायचे. ९०० किलोमीटरऐवजी ३७,००० म्हणजे ४१ पट अंतर. एका पल्सचा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो: सुमारे २८ लाख पट. खालच्या कक्षेत लक्ष्य झोतात दोन-अडीच सेकंद राहतं, इथे २६०, म्हणून शंभर पट जास्त पल्स-वेळ मिळून थोडी भरपाई होते. मोठा अँटेना आणखी थोडी करतो. तरीही अशा उपग्रहाच्या आराखड्यात अर्ध्या डेसिबलसाठी लोक भांडतात. आणि इथे पल्स २ मिलिसेकंदांवरून ३.५ वर नेता येते. हिशेब असा: बोलायला ३.५, ऐकायला पट्ट्याचे १.७ अधिक पल्सचे ३.५, दोन्हीकडे ०.१ चं कुंपण, एकूण ८.९. हातात ९.३ आहेत. उरलेल्या ०.४ मध्ये ०.१३ चं सरकणं आरामात मावतं. शिखर शक्ती तीच, सोडलेली ऊर्जा पावणेदोन पट. जवळजवळ अडीच डेसिबल, आणि तेही अँटेना न वाढवता, केवळ वेळापत्रकातून. जास्त वेळ बोलण्याचं विजेचं बिल सौरपट्ट्यांनी भरायचं, हे अर्थात आहेच.

टोकांवर एक मोह होतो. तिथे डॉप्लरला १२ हर्ट्झ पुरतात, मग १०४ कशाला? वीसवर आणा, पल्स दहापट लांब करा. २५ हर्ट्झच्या खाली तर एक मजेदार गोष्ट घडते: उपग्रहाच्या पायाखालच्या बिंदूपासून क्षितिजापर्यंतची सगळी दिसणारी पृथ्वी, तिरप्या अंतरात सुमारे ५,९०० किलोमीटर, दोन पल्सच्या मध्ये मावते. जवळच्या आणि लांबच्या जागांची उत्तरं एकमेकांत मिसळण्याचा प्रश्नच मिटतो. हे सुंदर आहे, पण मी १०४ वरच राहीन. वीस-वीस मिलिसेकंद सलग बोलायचं म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती पल्सच्या शेवटापर्यंत टिकवण्याचं वेगळं दुखणं. आणि गरजेपेक्षा आठपट जास्त पल्स वाया जात नाहीत. त्या बेरजेत धरल्या जातात आणि ऊर्जा तेवढीच भरते.

पायाखालचा आरसा

आराखडा इथवर आल्यावर एक जुना शत्रू भेटला. अधोबिंदू, म्हणजे उपग्रहाच्या थेट खालची जागा. तिथून रडारची लहर सरळ परत फिरते, आरशावरून फिरावी तशी, म्हणून तिचा प्रतिध्वनी प्रचंड असतो. झोत तिकडे वळलेला नसतो हे खरं. लक्ष्य त्या दिशेपासून साडेपाच अंश दूर आणि झोत पाऊण अंशाहून बारीक. पण अँटेनाच्या बाजूच्या गळतीतूनही हा आवाज शिरतो. त्यात ८८ अंश पूर्वेला विषुववृत्ताजवळ खाली आहे हिंदी महासागर, आणि वारा पडलेला शांत समुद्र म्हणजे खरोखरचा आरसा.

अधोबिंदूचा परतीचा वेळ २३८.८ मिलिसेकंद, वर्तुळाकार कक्षेत दिवसभर तोच. लक्ष्याचा वेळ मात्र २४१.९ ते २५५.५ असा हलतो. या दोघांतला फरक पल्समधल्या अंतराएवढा झाला की नंतर सुटलेल्या पल्सचा अधोबिंदूवरचा प्रतिध्वनी आणि आधीच्या पल्सचा लक्ष्यावरचा प्रतिध्वनी एकत्र येऊन धडकतात. साडेसव्वीसच्या वेळापत्रकात हे नेमकं उपग्रह मध्याच्या किंचित दक्षिणेला असताना होतं आणि जवळजवळ तासभर टिकतं. उत्तरेकडे जाताना एकदा, परतताना एकदा. मध्यावर तो प्रतिध्वनी पट्ट्याच्या कडेला अगदी घासून जातो, हे पाहून मी गणित दोनदा तपासलं.

साडेसत्तावीस किंवा साडेअठ्ठावीस करून सुटका होत नाही, धडकेची वेळ थोडी पुढेमागे होते इतकंच. पट्टा पूर्ण सुटावा यासाठी साडेतीसवर उडी मारावी लागते. १२३ हर्ट्झ, दोन पल्समध्ये ८.१ मिलिसेकंद, पल्स २.९ वर आणावी लागते. बोलण्याचं एकूण प्रमाण फारसं घटत नाही, कारण पल्स आखूड झाली तरी संख्या वाढली. उडी मोठी असल्याने मधला पाव सेकंद गोंधळाचा जातो. प्रतिध्वनी चार वेळा सुटणाऱ्या पल्सखालून जातो. ती दोन चित्रांच्या मध्ये मारली की कुणाचं नुकसान नाही.

मला विचाराल तर तो तास मी वेन्चुआनला देणारच नाही. आठच्या त्या भागात उपग्रहाचा वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून चित्रं सर्वांत झटपट मिळतात. तोच तास दुसऱ्या एखाद्या प्रदेशाला द्यावा, ज्याचा अधोबिंदूशी फरक वेगळा आहे. डोंगरात काही घडलं तर साडेतीसचं वेळापत्रक खिशात तयार असावं.

राहिलेले हिशेब

परतीचा वेळ पाव सेकंद म्हणजे त्या काळात उपग्रह जमिनीच्या मानाने दोनशे मीटर पुढे गेलेला असतो. खालच्या कक्षेत ‘पल्स सोडली, थांबला, ऐकली, मग पुढे सरकला’ असं मानून चित्र उभं करतात. इथे ते मानलं तर ऐकण्याची खिडकी बरोबरच उघडते, चित्र मात्र धूसर होतं. वेळमांडणीला त्याचा त्रास नाही, प्रक्रियेला आहे.

कक्षा किंचित लंबगोल असेल तर? विकेंद्रता नुसती ०.०१ असली तरी उंची ४२२ किलोमीटर वर-खाली होते, म्हणजे परतीचा वेळ २.८ मिलिसेकंदांनी पुढे-मागे. अधोबिंदूही मग स्थिर राहत नाही. चंद्र आणि सूर्य कक्षा ओढत असतात ते वेगळंच. म्हणून वेळापत्रक एकदा छापून भिंतीवर लावायची गोष्ट नाही, ताज्या कक्षेवरून ते पुन्हा काढायचं. कक्षेचा अंदाज एक किलोमीटर चुकला तरी खिडकी सात मायक्रोसेकंदांच्या आतच चुकते, त्यामुळे पल्सच्या वेळेसाठी कक्षा फार बारकाईने माहीत असायची गरज नाही.

कललेल्या कक्षेऐवजी जवळजवळ भूस्थिर कक्षा घेतली तर सगळा स्वभावच पालटतो. युरोपीय अवकाश संस्थेपुढे हायड्रोटेरा नावाचा असा एक सी-बँड, म्हणजे आणखी आखूड लहरींचा, प्रस्ताव होता. २०२२ मध्ये निवड हार्मनी या दुसऱ्या प्रस्तावाची झाली. तिथे जमिनीच्या मानाने वेग इतका कमी की एका चित्राला तास लागतात, अंतर जेमतेम हलतं, आणि पीआरएफ एकदा ठरवला की वेळापत्रकाची फारशी कटकट उरत नाही.

सर्वांत जास्त त्रास चारही ध्रुवणं (लहर आडवी की उभी कंपते, याच्या सोडतानाच्या आणि ऐकतानाच्या चार जोड्या) एकदम हवी म्हणणारा देईल. जंगल आणि पिकं पाहणाऱ्यांना ती हवी असतातच. त्यासाठी एक पल्स आडवी, एक उभी अशा आळीपाळीने सोडाव्या लागतात, म्हणजे पीआरएफ दुप्पट. साडेसव्वीसऐवजी साडेबावन्न घेतले की मध्यावर २१२ हर्ट्झ होतात, दोन पल्समध्ये ४.७ मिलिसेकंद, आणि पल्स १.४ च्या वर नेता येत नाही. फणीचे दात तेच चार हर्ट्झचे. पण अधोबिंदू आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना एकदा नाही, तीनदा आडवा येतो: मध्याच्या दक्षिणेला, उत्तरेच्या वाटेवर, आणि दक्षिण टोकाच्या अलीकडे. ते तीन तुकडे टाळणारी संख्या शोधायला पुन्हा पहिल्यापासून कागद घेऊन बसावं लागेल.